सावली हवी, आडोसा बेतानं

लग्नसराई सुरू झाली की उचगावच्या आसपासच्या कार्यालयांबाहेर एक दृश्य हमखास दिसतं. दुपारी बाराचा मुहूर्त. आत अक्षता वाटून झालेल्या, भटजींचा माइक खरखरतोय, आणि बाहेर पार्किंगमधल्या एका गाडीत बाई बसलेली. मांडीवर तान्हं बाळ, त्याच्यावर ओढलेला पदर, गाडीचं इंजिन चालू. एसी बंद केला तर बाळ रडतं आणि चालू ठेवला तर नवरा पेट्रोलच्या नावानं रडतो! आत एवढं मोठं कार्यालय. वधूपक्षाला खोली, वरपक्षाला खोली, आचाऱ्यांना खोली. पण बाळाला पाजायला शांत कोपरा कुठेच नाही. मग आपली गाडीच बरी, असं म्हणून ती बिचारी बाहेर येते. आणि गाडी उभी असते रखरखीत मुरुमावर, चारी बाजूंनी ऊन, झाडाचं पान नाही.

एका लग्नात अशाच एका सूनबाईला मी विचारलं, "अगं, आत पंख्याखाली तरी बस की." तर म्हणाली, "नको काकू, आत लई गोंगाट हाय. मी हितंच बसतो." (आमच्याकडं बायका 'बसतो', 'येतो' असंच म्हणतात, पुण्याच्या वाचकांनी दचकू नये!) स्टिअरिंगला हात लावायची सोय नव्हती, सीटवर तिनं ओली शाल अंथरली होती. कोल्हापूरचा पारा एप्रिल-मे महिन्यांत चाळिशीच्या जवळ जातो. उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीच्या आत तो त्याच्याही किती पुढं जातो, हे गाडीत बसणाऱ्या प्रत्येकीला पाठीला चटका बसून कळलेलं असतं.

उचगाव आता काही आडगाव राहिलेलं नाही. एका अंगाला पुणे-बेंगळुरू महामार्ग, दुसऱ्या अंगाला गांधीनगरची कापडपेठ, हाकेच्या अंतरावर तावडे हॉटेलचा चौक. बस्ता बांधायला गांधीनगर आणि अक्षता टाकायला उचगाव, अशी आमच्या भागातल्या अनेक घरांची वहिवाटच झाली आहे. उसाचे फड होते तिथं गोडाऊनं आली, गाड्यांची शोरूम आली, मंगल कार्यालयं आली आणि 'लॉन्स' आली. या लॉनचीही गंमतच आहे. नाव हिरवळीचं, पण हिरवळ असते फक्त स्टेजसमोर, फोटोत येईल एवढी. पार्किंगच्या नशिबी मुरूम, नाहीतर सिमेंटचे पेव्हर. जागेचा सगळ्यांत मोठा तुकडा पार्किंगचाच असतो, आणि सगळ्यांत कमी विचारही त्याचाच झालेला असतो.

पूर्वी असं नव्हतं बरं का. बैलगाडीनं जत्रेला, बाजाराला जायचे त्या काळी गाड्यांचा तळ कुठं पडायचा? चिंचेखाली, वडाखाली, आमराईत. गाडीवान सावली शोधूनच बैल सोडायचा. उन्हात जू उतरवलं तर बैल धापा टाकतो, हे त्याला कुणी शिकवावं लागत नव्हतं. बैल जिवंत होता, म्हणून त्याच्यासाठी सावली होती आणि त्याच सावलीत बायकांच्या भाकऱ्या सुटायच्या, पोरं झोपायची. मोटार आली आणि तिला काही ऊन लागत नाही असं आपण ठरवून टाकलं. तिच्यात बसणाऱ्यांना लागतं, हा विचार मागं पडला.

आता कुणी म्हणेल, लग्न तीन तासांचं, तेवढं सोसायला काय हरकत आहे? ज्यांचं घर अशा पार्किंगला लागून आहे त्यांना हे विचारून बघा. त्यांना ते वर्षानुवर्षं सोसायचं असतं. रात्रीचं रिसेप्शन आटोपून गाड्या वळायला लागल्या की हेडलाइटचे झोत थेट झोपायच्या खोलीत. उन्हाळ्यात मुरुमाची धूळ स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत. वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवायचे. आणि सगळ्यांत ओशाळवाणं म्हणजे कंपाउंडच्या भिंतीकडं तोंड करून उभे राहणारे पुरुष! अशा भिंतीच्या पलीकडं राहणारी माझी एक ओळखीची बाई संध्याकाळनंतर मागचं दारच उघडत नाही. तुळशीला दिवा लावायलाही पुढच्या दारानं वळसा घालून जाते. तिनं तक्रार केली तर उत्तर मिळालं, "वहिनी, आम्ही भिंत आणखी दोन फूट वाढवून देतो की!" भिंत वाढली. वास आणि धूळ काय भिंतीला विचारून येतात?

म्हणजे पार्किंगला झाडं हवीत ती दोन कामांसाठी. आत सावली आणि घरांच्या बाजूला आडोसा. परदेशात अनेक शहरांनी या दोन्ही गोष्टी नियमात घातल्या आहेत. न्यूयॉर्कनं २००७ मध्ये दुकानं-कचेऱ्यांच्या मोठ्या उघड्या पार्किंगसाठी नियम केला. कडेनं सात फूट रुंदीचा हिरवा पट्टा, आणि ३६ किंवा जास्त गाड्यांची जागा असेल तर आतही दर आठ गाड्यांमागे एक झाड. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रॅमेंटो शहरानं तर १९८३ मध्येच ठरवलं होतं, की पार्किंग बांधल्यापासून पंधरा वर्षांत त्यातल्या निम्म्या फरसबंदीवर सावली पडलीच पाहिजे. तिथला उन्हाळाही आपल्यासारखाच कडक. त्याच भागातल्या डेव्हिस गावी झाडाखालच्या आणि उन्हातल्या गाड्या तपासल्या गेल्या, तेव्हा आतल्या हवेच्या तापमानात वीस अंश सेल्सिअसहून जास्त फरक निघाला. वीस अंश! पाजणाऱ्या आईला आणि तिच्या बाळाला या आकड्याचा अर्थ समजावून सांगायला नको.

पण परदेशातलं सगळंच गोजिरवाणं असतं असं समजायचं कारण नाही. सॅक्रॅमेंटोतल्या पंधरा पार्किंगची पाहणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. सावली भरली अवघी १४ टक्के, आणि त्यातलीही निम्म्याच्या जवळपास सावली झाडांची नव्हे, छपरांची! कागदावर झाडं होती, खड्ड्यात रोपंही होती. मोठी व्हायला लागणारी माती आणि काळजी नव्हती. त्याच पाहणीतला दुसरा आकडा मला जास्त बोलका वाटतो. ऐन गर्दीच्या वेळी तिथल्या ३६ टक्के जागा रिकाम्या होत्या. आपल्याकडं कार्यालयाच्या मालकाला झाडाविषयी विचारलं तर पहिलं उत्तर काय असतं? "झाडं लावली तर गाड्या कुठं लावायच्या?" अहो, मुहूर्त सोडले तर वर्षातले बाकीचे दिवस तिथं कुत्री लोळत असतात.

आणि मुहूर्ताच्या दिवशीही गाडी कमी होत नाही, थोडं डोकं वापरलं तर. मोटारीच्या दोन रांगा समोरासमोर लागतात. चार गाड्यांचे कोपरे जिथं एकत्र येतात तिथं बॉनेटची टोकं गोल असल्यामुळं चौकोनी शंकरपाळ्याएवढी जागा उरतेच. (मोठा शंकरपाळा म्हणा!) तिथं सव्वा-दीड मीटरचा तिरका आळा करायचा, चारी बाजूंनी दगडी ठोकळे बसवायचे, म्हणजे चाक तिथंच अडतं आणि खोडाला धक्का लागत नाही. रांगेत दर चार गाड्यांमागं असा एक आळा आला, की आठ-दहा वर्षांनी फांद्या एकमेकींना भेटतात. मात्र पेव्हर खोडापर्यंत भिडवायचे नाहीत. दिल्लीतल्या झाडांभोवतीचं सिमेंट एक मीटरपर्यंत काढून टाका, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाला २०१३ मध्ये द्यावा लागला होता. आपल्याकडं तर सुशोभीकरण म्हणजे खोडाच्या गळ्याशी सिमेंट आणून वर गेरू-चुना फासणं!

पाण्याचा हिशेबही जाता जाता करून टाकू. कोल्हापुरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे एक एकर पार्किंगवर चाळीस लाख लिटर पाणी. ते सगळं पेव्हरवरून घसरून रस्त्यावर येतं, शेजारच्या अंगणात शिरतं, आणि उन्हाळ्यात त्याच कार्यालयाला टँकर मागवावा लागतो.

झाड कुठलं, हा प्रश्न मात्र बायकांनी हातात घ्यावा, कारण पडलेल्या पानाफुलांचा केर शेवटी कुणाच्या केरसुणीला येतो ते आपल्याला माहीत आहे. गुलमोहर दिसतो झकास, पण त्याची फांदी ठिसूळ, वळवाच्या पहिल्या वादळात गाडीच्या टपावर. पावसाळी शिरीष, म्हणजे रेन ट्री, छत्रीसारखा पसरतो खरा, पण त्याच्याही जुन्या फांद्या दगा देतात. नारळ तर नकोच, काचेचं काय होईल ते सांगायला नको. जांभूळ माझ्या आवडीचं, पण पार्किंगमध्ये नको. पांढऱ्या गाडीवरचे डाग आणि बस्त्यातल्या नव्या शालूवरचे डाग, दोन्हींची भांडणं कोण मिटवणार? सप्तपर्णी सध्या जिथं तिथं लावतात. दिवाळीच्या सुमारास त्याच्या फुलांचा उग्र वास सुटला, की काहींचं डोकं उठतं. उंच काठीसारखा खोटा अशोक आणि शोभेचे पाम हे तर आर्किटेक्टच्या चित्रातले पाहुणे. त्यांची सावली त्यांच्या स्वतःच्या पायांवरसुद्धा धड पडत नाही. आणि झटपट हिरवळीसाठी जो कोनोकार्पस आणतात, त्याच्या लागवडीवर गुजरात सरकारनं २०२३ मध्ये बंदी घातली आहे. नर्सरीवाला "लवकर वाढतंय ताई" म्हणाला तरी भुलू नये.

मग उरतं काय? पुष्कळ उरतं! कडुनिंब आहे, उन्हाळ्यात नवी पालवी घेऊन उभा राहतो. करंज आहे, सावली दाट, काळजी कमी. बकुळ हळू वाढतो, पण वाढला की पिढ्यांचा होतो, आणि गाडीच्या काचेवर बकुळीची फुलं पडल्याची तक्रार कुणी केलेली मी तरी ऐकली नाही. ताम्हण आहे, आपल्या राज्याचं फूल, ऐन लग्नसराईत जांभळं फुलतं. फोटोसाठी भाड्यानं प्लास्टिकच्या फुलांच्या कमानी आणतात, त्यापेक्षा बरं नाही का? ज्यांना दहा वर्षं थांबायचं नाही त्यांनी काही भागावर छप्पर घालून वर सौर पॅनेल बसवावीत. फ्रान्सनं २०२३ च्या कायद्यानं दीड हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या उघड्या पार्किंगना अशा सौर छपरांची सक्ती केली आहे. नुसता पत्रा मात्र नको, तो खालच्या माणसाला तव्यावरच्या भाकरीसारखं भाजतो.

आता आडोशाचं. इथं मला परदेशी नियमांची जशीच्या तशी नक्कल नको आहे. तिकडं पुष्कळ ठिकाणी पार्किंग रस्त्यावरून दिसू नये, शहर देखणं दिसावं म्हणून कडेनं झुडपांची भिंत करतात. आपल्याकडं ही गोष्ट जशी पुरुषांच्या बैठकीत ठरेल तशी ती होईल सहा-सात फुटांची गच्च मेंदी, आणि तिच्यामागं अंधार. रात्री नऊला मेकअपचं काम आटोपून आपली मोपेड काढायला एकटीनं त्या कोपऱ्यात जाणाऱ्या ब्यूटी पार्लरवालीला विचारा, हा आडोसा तिला सुंदर वाटेल का? वाढप करणाऱ्या बायका तर सगळ्यांत शेवटी निघतात. गांधीनगरातल्या दुकानांतून काम करून परतणाऱ्या मुली याच रस्त्यानं चालत, रिक्षानं घरी जातात. त्यांच्या दृष्टीनं बंद आडोसा म्हणजे आणखी एक अंधारी जागा जिथं कुणीतरी दडून उभं असू शकतं.

म्हणून रस्त्याच्या बाजूनं झुडूप मांडीएवढंच हवं, फार तर कमरेएवढं. झाडाची खोडं सात-आठ फुटांपर्यंत साफ केलेली, फांद्या त्याच्या वर. मधल्या भागातून रस्त्यावरच्या माणसाला पार्किंग दिसलं पाहिजे आणि पार्किंगमधल्या बाईला रस्ता. सार्वजनिक जागांच्या सुरक्षिततेचा अभ्यास करणारे जगभर साधारण हीच मापं सांगतात. दिवे फांद्यांच्या वर लावले तर उजेड पानांतच अडकतो. ते फांद्यांच्या खाली, खोडांच्या मधोमध हवेत. आणि ज्या बाजूला घरं आहेत फक्त त्या बाजूला गच्च, डोक्याच्या वर जाणारी कुंपणी: कोयनेल, अडुळसा, जास्वंद, जे रुजेल ते. तिथं ती थेट भिंतीला लागून लावायची, मागं माणूस शिरेल एवढी फट ठेवायची नाही. पुरुषांची ती भिंतीची सवय यानं किती सुटेल, सांगता येत नाही. त्यासाठी पार्किंगच्या बाजूला एक स्वच्छतागृह बांधावं लागेल, आणि ड्रायव्हर मंडळींनाही तोंड धुवायला, पाणी प्यायला एक नळ. तेही बिचारे चार-चार तास उन्हातच असतात.

हे सगळं करायला लावणार कोण? राज्य सरकारनं २०२० च्या डिसेंबरात मुंबई आणि आणखी काही भाग सोडून महाराष्ट्रासाठी एकच बांधकाम नियमावली आणली. तिच्यात पार्किंगचं आख्खं प्रकरण आहे. कुठल्या इमारतीला किती गाड्यांची जागा, मोटारीला अडीच मीटर बाय पाच मीटर, स्कूटरला एक बाय दोन. झाडांच्या अटीही असतात, पण त्या भूखंडाच्या क्षेत्रफळावर मोजलेल्या. अमुक चौरस मीटरला अमुक झाडं. मग ती झाडं संख्येपुरती कंपाउंडच्या कडेला ओळीनं उभी करायची, परवानगी मिळवायची, आणि पुढच्या उन्हाळ्यात ती वाळली काय नि जगली काय. माझं म्हणणं एवढंच आहे, की पार्किंगसाठी झाडांची संख्या मोजू नका, सावली मोजा. भोगवटा प्रमाणपत्र देताना आळी आणि रोपं जागेवर बघा, आणि तीन पावसाळे झाले की पुन्हा एकदा येऊन किती जगली ते बघा. सॅक्रॅमेंटोचं घोडं इथंच तर अडलं होतं.

कोल्हापूरच्या हद्दवाढीचा वाद आमच्या भागाला नवा नाही. शहरात जायचं की गाव राहायचं, यावर मोर्चेही झाले आणि बंदही. २०१७ मध्ये तोडगा म्हणून शहराभोवतालच्या ४२ गावांसाठी विकास प्राधिकरण नेमलं गेलं, उचगाव त्यातलंच. या ओढाताणीत झाडाला वाली कुणीच नाही. महापालिका-नगरपालिकांच्या हद्दीत १९७५ च्या कायद्यानं वृक्ष प्राधिकरण असतं, झाड तोडायचं तर त्याच्यापुढं जावं लागतं. गावाला तसली समिती नाही. घरं शहरासारखी, वर्दळ शहरासारखी, आणि झाडापुरतं मात्र आपण खेडं! हद्दवाढ होवो न होवो, ही अट घालायला कुणाची वाट बघायची गरज नाही. आपल्या कायद्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे. ती बऱ्याचदा सह्यांच्या वहीतच भरते, हे आपण सगळ्या जाणतो. स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तर त्या सभेत एकदा गटाराच्या आणि पाण्याच्या बरोबरीनं हा विषयही मांडायला काय हरकत आहे? 'नव्या कार्यालयाला नाहरकत देताना पार्किंगमधली सावली आणि घरांच्या बाजूची कुंपणी दाखवा', एवढा एका ओळीचा ठराव.

आणि ठरावापेक्षाही मोठी ताकद आपल्या हातात आहे ती बुकिंगची. कार्यालय बघायला कोण जातं? आई, मावशी, आत्या, वहिनी! आपण भटारखाना बघतो, बाथरूमचे नळ सोडून बघतो, खोलीत आरसा आहे का बघतो, एसी किती टनाचा ते विचारतो. पार्किंगबद्दल विचारतो ते एवढंच, 'गाड्या किती बसतात?' यंदा तुळशीचं लग्न झाल्यावर बुकिंगला जाल तेव्हा सकाळी गारव्याला जाऊ नका. भर दुपारी जा. गाडी पार्किंगमध्ये लावा, आणि मॅनेजरशी बोलणं कार्यालयात नको, तिथंच गाडीपाशी उभं राहून करा. तारीख, भाडं, डिपॉझिट, सगळं. दहा मिनिटांत तो स्वतःच म्हणेल, "काकू, जरा आत सावलीला चला की." तेव्हा विचारा, इथं झाडं कधी लावणार? मृगाच्या आधी खड्डे घेतले, त्यात शेणखत भरून ठेवलं आणि पहिल्या चांगल्या पावसात पुरुषभर उंचीची रोपं लावली, तर आज पाळण्यातलं बाळ पाचवी-सहावीत जाईपर्यंत तिथं गाडी लावण्यासारखी सावली झालेली असेल.